नाळेजवळची फळी

बाबा,

गेल्या आठवड्यात माझ्याकडे वीस इंग्रजी शब्दांची एक यादी आली. निवृत्त झाल्यापासून मी हे काम करते. होड्या आणि गलबतं बांधण्याच्या शब्दांचा इंग्रजी-मराठी कोश काही मंडळी करताहेत. अलिबागच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली आणि वर मिस्त्रीची मुलगी, अशी बाई त्यांना आयतीच सापडली. दर महिन्याला ते वीस शब्द पाठवतात, मी प्रत्येकापुढे मराठी लिहिते, अडलं तर कुणा म्हाताऱ्या मिस्त्रीला फोन करते. बहुतेक शब्द सरळ असतात. सुकाणू, डोलकाठी, वल्हं, नांगर. एका बैठकीत दहा सहज होतात. या वेळच्या यादीत चौदावा शब्द ‘स्नाय’ होता. मी संगणक बंद केला आणि चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर परत उघडला, तर शब्द अर्थातच तिथंच होता.

तुमच्यासमोर मी हा शब्द एकदाच उच्चारला होता, शेठच्या लाँचचा कागद वाचताना. मी तो विसरले नव्हते, आणि इतक्या वर्षांत त्याचा अर्थही कधी पाहिला नव्हता. ज्या बाईनं हजारो मुलांना ‘शब्द अडला की कोश उघडा’ असं सांगून वैताग आणला, तिनं एक शब्द असा टाळावा हे विचित्रच. घराच्या एका खोलीत जायचंच नाही असं ठरवलं की माणसाला त्याची सवय होते, मग तिकडे पावलंही वळत नाहीत. तसंच झालं होतं. पण आता काम अंगावर घेतलेलं, महिनाअखेरीला यादी परत पाठवायची, तेव्हा मी तो उघडला.

मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्दाखाली तो आधी कुठं लिहिला गेला, मग कुठं, असं क्रमानं दिलेलं असतं. माणसाच्या नावाखाली तो राहिला ती सगळी घरं लिहून काढावीत तसं. या शब्दाची घरं फार थोडी आहेत. पहिल्यांदा तो दिसतो जहाजं बांधणाऱ्यांच्या एका फार जुन्या पुस्तकात, आणि तिथं तो क्रियापद म्हणून येतो. म्हणजे माणूस फळीला काही करत नाही, फळीच ते करते. पुढे त्याचं नाम झालं. मग एका पुस्तकानं आधीच्या पुस्तकातून उचलला, दुसऱ्यानं त्यातून. लोखंडी जहाजं आली, लाकडाची पुस्तकं मागं पडली, आणि शब्द उरला फक्त कोशांत. शेवटी तो वापरणारे लोक म्हणजे शब्द गोळा करणारेच. तो मुळात आला कुठून याचाही कुणाला नीट पत्ता नाही. अर्थ दोन ओळींचा. जहाजाच्या टोकाकडे जाताना फळी कडेच्या अंगानं वरती वाकत जाते, ते वाकणं.

ते वाकणं म्हणजे काय हे मला त्या दोन ओळींवरून कळलं नसतं. पण ते मला तुम्ही लहानपणीच दाखवलं होतं. आई चुलीपुढे भाकऱ्या करते आहे. तुम्ही शेडवरून जेवायला आलात, भाकरी व्हायला अवकाश आहे, आणि मी तुम्हाला विचारते आहे की फळ्या विस्तवावर वाकतात तर सगळ्याच का वाकवत नाही, काही करवतीनं वाकड्या का कापता. तुम्ही आईच्या नव्या केरसुणीतली झावळीची एक पात ओढून काढली. आई म्हणाली, “झालं, आता केरसुनीची होडी करा.” तुम्ही पात आडवी धरून सपाट बाजूनं वाकवली, ती छान गोल वाकली. मग तीच पात कडेवर उभी धरून वाकवायला गेलात, तर ती मध्येच दुमडली. “बघ बाय,” तुम्ही म्हणालात, “पोटावर लाकूड वाकतं. कडेवर वाकत न्हाय. नाळेकडं जाताना फळीला वर चढायला लागतं, तो चढ जोर लावून आणायचा न्हाय. तसा आकार आधीच कापून काढायचा. मग पोटावर शेकवून लावायची.” नाळ म्हणजे होडीचं पुढचं उभं टोक, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. बाकीचं मी ऐकलं आणि भाकरी खाल्ली.

म्हणजे इंग्रजांनी ज्याच्यासाठी एक अख्खा शब्द ठेवला होता, त्याला तुम्ही नुसतं ‘फळी चढते’ म्हणत होतात. तुमच्याकडेही करणारी फळीच होती.

लाँचच्या त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि अलिबागला दुसऱ्या वर्षाला होते. सकाळची एस.टी. पकडून जायचे, चारच्या सुमाराला परत यायचे. मला कॉलेजात घातलं हे आपल्या वाडीत कुणालाच पटलेलं नव्हतं. आईला माझ्या लग्नाची घाई. काका तुमच्याच हाताखाली शेडवर काम करायचा, पण घरात त्याची जीभ तुमच्यापेक्षा मोठी होती. ताटावर बसला की त्याला माझं शिक्षण आठवायचं. “दोन वर्सं झाली इंग्रजी शिकतेय, अजून तार आली की वाचायला पोस्टमास्तर लागतो,” असं तो एकदा म्हणाला. ते खोटंही नव्हतं. तार आली तेव्हा मी कॉलेजात होते, पण हे सांगायला गेलं की ते उलट उत्तर ठरायचं. तुम्ही जेवत राहिलात. आईनं मात्र तेवढ्यात सांगून टाकलं की दिवाळीनंतर मुरूडचं स्थळ बघायला येणार आहे, आणि मुलगी पुढं शिकणार का असं त्यांनी विचारलं, तर काय सांगायचं. तुम्ही हात धुवायला उठलात आणि म्हणालात, “बघू.” तुमचं ‘बघू’ म्हणजे नाही असतं की हो, हे आईला माहीत होतं. मला नव्हतं.

आणि त्याच महिन्यात शेठ कागद घेऊन आले. शेठ म्हणजे मोहल्ल्यातले, आखातात बारा वर्षं नोकरी करून आलेले. त्यांना खाडीवर माणसं न्यायला लाँच बांधायची होती, आणि ती साधी नको, तिकडच्या बंदरात चालते तशीच हवी. ते ज्या ऑफिसात होते तिथून त्यांनी टाइप केलेली चार पानं आणली होती. लाकूड कुठलं, खिळे कसले, फळी किती जाड, सगळं लिहिलेलं. शेठना इंग्रजी पाट्या वाचण्यापुरतं येत होतं. “मिस्त्री, यात सगळं आहे,” ते म्हणाले, “तुम्ही फक्त यावर चाला.” इतक्या वर्षांत तुम्ही कागदावर कधी चालला नव्हतात. होडी तुमच्या मनात असायची आणि एका दोरीवर मारलेल्या गाठींत असायची. तरी तुम्ही ती पानं दोन्ही हातांत घेतलीत, धोतराला हात पुसून. संध्याकाळी मी एस.टी.तून उतरले तर तुम्ही नाक्यावर उभे होतात. त्याआधी कधी मला आणायला आला नव्हतात.

शेडवर, झापांच्या छपराखाली, पठाणाच्या म्हणजे होडीच्या कण्याच्या लाकडाशेजारी बसून मी वाचायला लागले. काका समोर लाकूड तासायचा वाकस परजत बसला होता. त्याच आठवड्यात मी चप्पल घालून पठाण ओलांडला म्हणून तुम्ही चार माणसांत माझ्यावर ओरडला होतात. तो कणा ओलांडायचा नसतो, त्यातून चपलेनं तर नाहीच. त्यामुळे मी चपला बाहेर काढून, अंग चोरून बसले होते. तीन पानं व्यवस्थित गेली. लाकडांची, मापांची नावं मी ओळखून सांगत होते, तुम्ही मान हलवत होतात, काका वाकस परजत होता. चौथ्या पानावर नाळेजवळच्या फळ्यांबद्दल एक वाक्य होतं आणि त्यात तो शब्द होता. ‘जोर लावू नये’ एवढं मला कळलं. ‘कापावी’ कळलं. मधला शब्द मी कधी ऐकलासुद्धा नव्हता.

मी थांबले. काकानं हातातलं काम थांबवलं आणि मान वर केली. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. “अडलं काय?” तुम्ही विचारलंत. ‘उद्या कॉलेजातल्या कोशात बघून सांगते’ एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. आज मी ते हजार वेळा बोलेन. त्या दिवशी मला वाटलं की हे वाक्य तोंडातून गेलं की दिवाळी, मुरूड आणि पोस्टमास्तर सगळं एकदम समोर येऊन उभं राहील. मी म्हटलं, “नाही अडलं. नाळेच्या फळ्या विस्तवावर वाकवू नयेत असं म्हणताहेत.” विस्तव त्या कागदात कुठंच नव्हता. तो मी तुमच्याच शेडमधून उचलून त्यात घातला, कारण फळी वाकवणं म्हणजे विस्तव, एवढंच मला ठाऊक होतं.

“शेक द्यायाचा न्हाय?” तुम्ही म्हणालात. “मग नाळेला फळी लागंल कशी?”

“थंडच वाकवायची म्हणतात,” मी म्हटलं. एकदा सुरू केलं की पुढचं आपोआप येतं.

तुम्ही बराच वेळ कागदाकडे बघत राहिलात, जणू वाचता येत होतं. मग म्हणालात, “असंल. तिकडचं लाकूड येगळं असंल.” दुसऱ्या दिवशी मुरूडहून पेढ्यांचा पुडा आणलात आणि शेडवर प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलात. “पोरीनं कागद वाचला. चारी पानं,” असं प्रत्येकाला सांगत होतात, काकालाही. त्यानं पेढा खाल्ला. स्थळाला तुम्ही परस्पर निरोप पाठवलात की मुलगी अजून शिकते आहे. मला हे आईकडून कळलं. मी तो पेढा खाल्ला की नाही हे मला आठवत नाही, आणि आठवतं असं उगाच लिहिणार नाही.

शेक कसा द्यायचात ते मला डोळे मिटूनही दिसतं. लांब चर खणायचा, त्यात नारळाची सोडणं पेटवायची, वर फळी आडवी टाकून तिला पाणी आणि माशाचं तेल आलटून पालटून फासायचं. फळीला बारीक थेंब सुटले की तुम्ही म्हणायचात, “घाम आला. आता ऐकंल.” मग तिच्या टोकाला दगड टांगायचे आणि ती हळूहळू खाली यायची. त्या लाँचसाठी चर खणलाच नाही. नाळेच्या फळ्या तुम्ही ओहोटीला खाडीच्या चिखलात पुरल्यात, पंधरा दिवसांनी काढल्यात, आणि दोरखंड, पाचरी लावून, दिवसाला दोन-दोन बोटं असं करत त्या वाकवल्यात. डाव्या बाजूच्या सगळ्या लागल्या. उजवीकडच्या तिसऱ्या फळीनं आवाज केला. मी त्या दिवशी शेडवर होते. मोठा आवाज नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. सगळे थांबले. तुम्ही अर्धा दिवस त्या फळीवरून अंगठ्याचं नख फिरवत बसला होतात. तडा कुठं सापडला नाही. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी डबा देऊन घरी गेले.

लाँच पाण्यात गेली, नारळ फुटला, शेठनी सगळ्यांना बिर्याणी घातली. दोन महिने ती नीट चालली. मग एके दिवशी दुपारी, भरतीच्या पाण्यात, वीस-पंचवीस माणसं घेऊन पलीकडे जाताना उजव्या अंगाला नाळेजवळ फळी उघडली. तांडेल हुशार, त्यानं लाँच तशीच वळवून चिखलावर घातली. माणसं गुडघाभर चिखलातून चालत काठाला आली. कुणाला खरचटलंदेखील नाही. एका कोळणीची पाटी तेवढी वाहून गेली आणि ती पुढे कित्येक दिवस त्या पाटीतल्या पापलेटांचं वर्णन करत होती. वाडीत लोक हसून बोलायचे, पण बोलायचे. मी हसायचे नाही. त्या गर्दीत तीन लहान पोरं होती हे मला माहीत होतं.

शेठनी पलीकडच्या काठावरच्या एका मिस्त्रीला बोलावलं. तो तुमच्याहून लहान होता. सुट्टीचा दिवस होता, मी शेडवर चहा घेऊन आले होते. तो फळीपाशी उकिडवा बसला, आत हात घातला, वास घेतला. “मिस्त्री, ही शेकवली न्हाय काय?” तुम्ही म्हणालात, “न्हाय.” “कुनी सांगितलं असं?” तेव्हा काका वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातात किटली होती. तुम्ही म्हणालात, “कोन सांगनार? माझ्याच डोक्यात आलं. नवीन काय करून बघावं म्हटलं.” तो हसला, “या वयात?” काकानं तोंड उघडलं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, “चाय घे आधी.” त्यानं चहा घेतला, आणि मरेपर्यंत तो त्यावर एक शब्द बोलला नाही, माझ्याशीही नाही. काकाबद्दल माझं मत त्या दिवसापासून बदललं, पण तसं त्याला सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर तुमच्याकडे नवी होडी बांधायला कुणी आलं नाही. डागडुजी येत राहिली. मिस्त्रीचे हात सैल झाले, असं लोक म्हणायचे. तुमचं वय तेव्हा पन्नाशीच्या जरा पुढे होतं आणि हात अजिबात सैल झालेले नव्हते. मला एम.ए. करवलंत. नोकरी लागली तेव्हा पुन्हा पेढे आणलेत. मला नोकरी लागून चार वर्षं झाली आणि तुम्ही गेलात. या सगळ्या वर्षांत तुम्ही मला कागदाबद्दल एकदाही विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही. पठाण ओलांडला म्हणून चारचौघांत ओरडणारा माणूस, आपली सगळी पत गेली तरी ओरडला नाही. मी याचा दोन प्रकारे विचार करत आले. एक तर तुम्हाला कधी कळलंच नाही, कागदात तसंच लिहिलेलं होतं असं मानून तुम्ही गेलात. मग मी एका भोळ्या माणसाला फसवलं. किंवा फळी उघडली तेव्हा तुम्हाला कळलं आणि तुम्ही मला पाठीशी घातलंत. जसे दिवस असतील तसं मी यातलं एक निवडायचे. तब्येत बरी असली की दुसरं पटायचं.

कोशातला अर्थ वाचून झाल्यावर मी एक गोष्ट केली, जी कधीच करायला हवी होती. एस.टी.नं गावी गेले आणि शेठना भेटले. ते आहेत अजून. ऐंशीच्या पुढे गेलेत, एका कानानं ऐकू येत नाही, नातवंडं आखातात. मी त्यांच्या ओटीवर बसून, बरंच मोठ्यानं, त्यांना सगळं सांगितलं. तो शब्द काय होता, त्याचा अर्थ काय, आणि मी काय सांगितलं होतं. कागदात तुमच्या पद्धतीविरुद्ध काहीच नव्हतं हेही सांगितलं. चढ जोर लावून आणू नका, आकार कापून काढा, एवढंच तिकडच्या साहेबानं लिहिलं होतं. म्हणजे तुम्ही केरसुणीच्या पातीवर जे मला दाखवलं होतं तेच. शेवटी मी म्हटलं की तुमची लाँच माझ्यामुळे फुटली, मला माफ करा. एवढं जोरात ओरडून माफी मागायची वेळ कुणावर येऊ नये. आतून त्यांची सून बघून गेली.

शेठ हसले. “बेटी, मला म्हाईत हाय,” ते म्हणाले. मला वाटलं, ऐकायला चुकले असतील. पण ते पुढे बोलत राहिले. “काम चालू होतं तवा मी शेडवर आलो होतो. भट्टी दिसंना. मी म्हटलं, मिस्त्री, शेक का नाय? तुझा बाप बोलला, कागदात न्हाय म्हटलंय. मी म्हटलं, या अल्ला, कागदात असं कसं असंल? तिकडं ते लाकडाला वाफ देतात, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कोन वाचलं? तर बोलला, माझी लेक. मी म्हटलं, पोर हाय, चुकली असंल. द्या कागद इकडं, अलिबागला वकील हाय माझ्या ओळखीचा, त्याच्याकडून वाचून घेतो.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. कागद खिशात घातला त्यानं. बोलला, शेठ, कागद दुसऱ्या कुनाकडं न्यायाचा न्हाय. नेला तर तिला कळंल.”

शेठना हे इतकं साधं वाटत होतं की त्यांनी लगेच सुनेला चहाची हाक मारली. मी विचारलं, मग तुम्ही ऐकलंत कसं, लाँच तर तुमची होती. ते म्हणाले, “मला वाटलं, हा मिस्त्री हाय, थंड वाकवूनसुदीक बसवंल. त्यालापन तसंच वाटलं असंल. आपल्या हातावर यकीन होतं त्याचं. अन् पोर चुकली असं चार लोकांत झालं तर घरात तिचं काय होईल, हे पन त्याला ठाव असंल. मला पन मुली हायत.” मग ते लाँचच्या इंजिनाबद्दल बोलायला लागले, ते फार चांगलं होतं म्हणून. ते मी सगळं ऐकून घेतलं. मनात एवढंच आलं की तो कागद अलिबागच्या वकिलाकडे गेला असता तरी हा शब्द त्याच्या बापालाही आला नसता, आणि त्यानं काय ठोकून दिलं असतं कोण जाणे.

म्हणजे तुम्ही भोळे नव्हतात, आणि नंतर शहाणे झालात असंही नाही. चुकलंय हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. तुम्ही फळीला शेक न देता नाळेला लावायला निघालात ते सगळं समजून. यात शहाणपण होतं का, याचा मी बराच विचार केला. नव्हतं, असं माझं मत आहे. लाँचमध्ये माणसं बसणार होती. एका मुलीला वाईट वाटू नये म्हणून वीस माणसं खाडीत घालायची नसतात, आणि हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं. तुमच्या हातावर तुमचा भरवसा जास्त होता, आणि मला न येणारं इंग्रजी झाकायचं होतं. दोघांचंही चुकलं, फरक एवढाच की तुम्ही तुमचं आणि माझं दोन्ही स्वतःच्या नावावर घेतलंत.

यादी मी काल पाठवून दिली. चौदाव्या शब्दापुढे ‘चढ’ लिहिलं, आणि शेजारी दोन ओळींत फळी कडेच्या अंगानं कशी चढते ते. माहिती कुणाकडून मिळाली असा एक रकाना असतो, त्यात तुमचं नाव आणि आपलं गाव घातलं. ते लोक अशा वेळी फोन नंबर मागतात. मी कळवलं की माणूस हयात नाही.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, कारण आता सांगते ते मला कुणापुढे कबूल करायचं नाही. शेठ बोलत होते तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण उशिरा, परतीच्या एस.टी.त, आणि अजून वाटते. त्यांच्या ओटीवर ‘तिला कळंल’ हे तुमचं वाक्य ऐकलं त्या क्षणी, बाबा, मला फक्त आनंद झाला होता.